स्टँडखालची फरशी

"आई, इकडं ये ना जरा. अण्णा उठले नाहीत ना?"

धनू अंगणातून दबक्या आवाजात हाक मारत होता. तव्यावरची भाकरी उलटून मी हात पुसत दारात आले. मोटारसायकल अंगणाच्या मधोमध उभी होती आणि तिच्याशेजारी उकिडवा बसून तो हसत होता. विशीतलं पोर, पण असं हसायला लागलं की पुन्हा शाळेत जाणारं वाटायचं.

"पाठ धरलीय त्यांची. उठून कुठं जातात? काय झालं?"

"स्टँड बघ."

मी बघितलं. मला त्यातलं काय कळणार? गाडी उभी होती, एवढंच दिसत होतं.

"अगं, सरळ उभीय! रोज कशी असते?"

तेव्हा लक्षात आलं. आमची गाडी साइड स्टँडला लावली की दारू प्यालेल्या माणसासारखी डावीकडं झुकायची. स्टँड झिजून झिजून असा झाला होता की गाडी आता आडवी होते की मग, असं वाटायचं. पेट्रोल ठिबकायचं ते वेगळंच. आणि अशी झुकलेली गाडी उचलताना ह्यांच्या पाठीत दर वेळी चमक निघायची. ओठ मिटून उचलायचे, पण मला कळायचं.

हे कालव्यावर पाटकरी होते. ज्याची पाळी असेल त्याच्या शेताला पाणी सोडायचं, पाळी संपली की कालव्याचं लोखंडी दार बंद करायचं, आणि कालव्याच्या भरावावरून पुढच्या दाराकडं जायचं, हे त्यांचं काम. भरावाची माती काळी आणि सदा ओली. नुसता स्टँड टेकवला तर टोक लोण्यात सुरी जावी तसं आत जायचं आणि गाडी लोळायची. म्हणून आमच्याकडच्या पाटकऱ्यांची एक युक्ती होती. शहाबादी फरशीचा हाताच्या पंजाएवढा तुकडा घ्यायचा, त्याला भोक पाडून सुतळी ओवायची आणि सुतळीचं दुसरं टोक गाडीच्या लेगगार्डला बांधायचं. गाडी थांबवली की बसल्या बसल्या फरशी खाली सोडायची, तिच्यावर स्टँड टेकवायचा. निघताना सुतळी ओढली की फरशी आपोआप वर. वाकायला नको. ह्यांची फरशी तर माझ्या धाकट्या जावेच्या लग्नाच्याही आधीची होती. "माझ्यापेक्षा तिलाच जास्त जपता," असं मी म्हटलं की म्हणायचे, "ती उलटून बोलत नाही."

"फाट्यावरच्या याकूबभाईनं खाली जाड पट्टी मारून दिली," धनू सांगत होता. त्यानं स्टँडच्या टोकाला बोट लावलं. म्हशीच्या खुराएवढी लोखंडी पट्टी तिथं वेल्ड केलेली होती. "उंचीही वाढली आणि रुंदीही. आता कलणार नाही आणि मातीत रुतणारही नाही. ती फरशी फेकून दिली तरी चालेल."

"फेकून बघ. तुलाच फेकतील कालव्यात."

तो हसला. मीही हसले. पुढं किती वर्षं मला हे वाक्य गिळवलं नाही.

"सकाळी मीच दाखवणार त्यांना. तू आधी बोलू नको हं, आई."

मग रोजच्यासारखी त्यानं गाडी डबल स्टँडवर चढवली. ह्यांना ते जमत नसे, ढकलून उतरवता यायचं, चढवता यायचं नाही, म्हणून संध्याकाळचं ते काम धनूचं. साइड स्टँड वर दुमडला गेला. वाकून बघितल्याशिवाय त्यात काही बदललंय हे कुणाला कळलं नसतं.

जेवण झाल्यावर "पोपटकडं जाऊन येतो" म्हणून तो बाहेर पडला. पोपट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मी अडवलं नाही.

सकाळी आम्ही उठतोय तोवर जालिंदर कुटे दारात उभा. कालव्याच्या शेपटाला त्याची शेती. माणूस वाईट नव्हता, पण पाणी म्हटलं की त्याचा आवाज चढायचा.

"पाटकरी, बाहेर या जरा! रात्री वरचं दार कुणी उघडलं? पाळी माझी, आणि पाणी पोपटच्या कांद्यात!"

हे पाठीला हात लावत बाहेर आले. "जालिंदर, शांत हो. कालवा फुटला असंल कुठंतरी. दार कसं उघडंल? चावी माझ्याकडं असते."

"तेच तर विचारतोय मी."

"माझ्या खुंटीला असते. बघतोस का?"

हे आत गेले. दाराची चावी म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा, टोकाला चौकोनी खाच. तिच्याशिवाय कालव्याचं दार हलत नाही. ह्यांनी ती खुंटीवरून काढली, मिशीवर ताव मारावा तशा तोऱ्यात बाहेर आणली, आणि उजेडात आल्यावर सगळ्यांनाच दिसलं. खाचेत ओला चिखल होता.

जालिंदरनं वाकून त्या चिखलाला बोट लावलं. तो बोलला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी चावीकडं बघितलं, मग धनूकडं. धनू दात घासत उभा होता, तो घासायचा थांबला.

"तू?"

"अण्णा, पोपटचे कांदे जळायला लागले होते. उजाडलं की दार बंदच करणार होतो..."

ह्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. लहानपणीसुद्धा कधी हात लावला नव्हता. एवढी वर्षं भावाला, मेहुण्याला, पुढाऱ्याला कुणाला पाळीबाहेर थेंब दिला नाही म्हणून ज्या माणसाला लोक चावडीवर खुर्ची द्यायचे, त्या माणसाच्या घरातूनच चोरी झाली होती, आणि तीही जालिंदरच्या समोर उघडी पडली होती.

"उद्या कालव्यावर कुठल्या तोंडानं जाऊ मी? सांग!"

मार धनूला लागला नसेल तेवढी जालिंदरची नजर लागली. तो लाल झाला. "तुमचं तोंड, तुमची पाळी, तुमचं पाणी! घरात दुसरं काही आहे का? असला बाप नसता ना, तर सुटलो असतो मी!"

"धनू!" मी ओरडले.

हे शांत झाले. एकदम. "बरं," ते म्हणाले. "सुटशील."

त्यांनी सदरा चढवला. चावी नेहमीसारखी लेगगार्डच्या उजव्या बाजूला ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधली. गाडी डबल स्टँडवरून ढकलून उतरवली आणि किक मारली. मी चहाचा कप घेऊन आले तोवर ते रस्त्याला लागले होते. धनू तसाच उभा. स्टँडचं सांगायचं त्याच्या मनातून गेलं होतं, माझ्याही मनातून गेलं होतं. अशा वेळी कुणाला स्टँड आठवतो?

बातमी जालिंदरनंच आणली. ऊन तापायच्या आधीच तो पुन्हा दारात होता, ह्या वेळी अनवाणी.

"वहिनी, पाटकऱ्याची गाडी कालव्याच्या उतारावर पडलीय. अर्धी पाण्यात. पाटकरी दिसत नाहीत."

कालवा तेव्हा काठोकाठ वाहत होता. दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गुळगुळीत उतार, त्यावर शेवाळ. आत गेलेला माणूस कितीही पोहणारा असला तरी त्याला धरायला काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या सायफनच्या, म्हणजे कालवा ओढ्याखालून जातो तिथल्या, जाळीला ते सापडले. कपाळावर मोठी जखम होती. उताराला आपटल्याची, असं डॉक्टर म्हणाले.

गावाला दुसरंच दिसलं. जालिंदरनं कुणाचं वाईट चिंतून नव्हे, पण विचारणाऱ्या प्रत्येकाला जे कानांनी ऐकलं ते सांगितलं. पोरगा काय म्हणाला, बाप काय म्हणाला, बाप कसा निघून गेला. दहनाच्या आधीच गावानं ठरवून टाकलं. पाटकऱ्यानं गाडीसकट कालव्यात उडी घेतली. पोटच्या पोरामुळं.

हवालदार घरी आले तेव्हा माझ्या दिराला, मुरली भाऊजींना, बाजूला घेऊन म्हणाले, "पंचनाम्यात अपघातच लिहिलाय. काळजी करू नका." त्यांनी उपकार म्हणून लिहिलं होतं. भाऊजींनी हात जोडले. म्हणजे घरच्यांनीही मान्य केलं, असा लोकांनी त्याचा अर्थ काढला.

धनू रडला नाही. केस उतरवले, अग्नी दिला, सांगितलं ते सगळं केलं. मग गोठ्यात जाऊन बसला, कालव्याकडं तोंड करून. जेवण नेलं तर ताट तसंच राहायचं, मुंग्या लागायच्या. मी शेजारी बसले. तोच बोलला.

"आई, मी सुटलो."

एवढंच. आवाजात काहीच नव्हतं. नवरा गेला तेव्हाही एवढी भीती वाटली नव्हती, खरं सांगते. त्या दिवशी भाऊजींनी गोठ्यातले जास्तीचे दोर उचलून स्वतःच्या घरी नेले. कशाला नेले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्हा दोघांना तेच दिसत होतं. एक गेला, आता दुसराही जाणार. आणि ह्या पोराला धरून ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं. "अण्णा असं करणार नाहीत" असं मी शंभरदा म्हटलं असतं, तरी त्यानं स्वतःच्या कानांनी "सुटशील" ऐकलं होतं.

सावडणं झाल्यावर मी म्हटलं, मला ती जागा बघायची. बायका जात नाहीत, असं भाऊजी म्हणाले. मी चपला घातल्या. ते मागोमाग आले.

जागा शोधावी लागली नाही. गाडी वर ओढताना माणसांनी माती तुडवून चिखल केला होता. वरच्या दाराच्या अगदी समोर. म्हणजे हे इथं दार बंद करायलाच आले होते, असं मनात आलं, पण त्यानं काय होतं? माणूस दारापाशी येऊन विचार बदलू शकतो. मी उगाच इकडंतिकडं बघत राहिले. आणि तुडवलेल्या जागेच्या कडेला, मातीत अर्धी बसलेली ती दिसली. फरशी.

मी खाली बसले आणि बोटांनी माती उकरून ती काढली. भोकात सुतळी होती, हिसका बसून तुटलेली. फरशी सपाट बसली होती, कालव्यापासून लांबच्या अंगाला, गाडीची डावी बाजू येते तिथं, जिथं ते नेहमी ठेवायचे तिथंच.

"वहिनी, काय सापडलं?"

मी रडत होते आणि हसतही होते. भाऊजींना वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. पण मला दिसत होतं. ते आले, गाडी थांबवली, फरशी खाली सोडली, तिच्यावर स्टँड टेकवला. गाडी पडू नये म्हणून. परत येऊन बसायचं होतं म्हणून. मरायला निघालेला माणूस गाडीखाली फरशी घालतो का? मला तेवढं पुरे होतं. धनूलाही पुरलं असतं. मी फरशी पदराला पुसली, पिशवीत घातली आणि घराकडं जवळजवळ पळायला लागले.

निम्म्या वाटेत पाय थांबले.

फरशी घातली होती. आणि स्टँड उंच केला होता.

"भाऊजी," मी म्हटलं, "गाडी कुठं आहे?"

"ठाण्यात. का?"

"मला आत्ता बघायचीय."

पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली गाडी लावलेली होती. साइड स्टँडवर, अगदी सरळ. लेगगार्डला सुतळीचा उरलेला अर्धा तुकडा लोंबत होता. उजव्या बाजूला चावी बांधायची ट्यूबची पट्टी अर्धी सुटलेली होती, चावी नव्हती.

"भाऊजी, जरा गाडी धरा."

त्यांनी धरली. मी फरशी स्टँडखाली सरकवली. "आता सोडा."

गाडी उभी राहिली. डावीकडं ना उजवीकडं, खांबासारखी. मी फिरून उजव्या बाजूला गेले. चावी सोडायला हे रोज तिथंच उभे राहायचे. ट्यूब फार करकचून बांधलेली असायची, सोडताना हिसके द्यावे लागायचे. गाडी डावीकडं झुकलेली असायची तेव्हा कितीही हिसके दिले तरी तिला काही व्हायचं नाही. मी ती पट्टी धरली आणि ओढली. जोरात नाही.

गाडी माझ्या अंगावर आली.

भाऊजींनी झेप घेऊन हँडल धरलं म्हणून वाचले. हवालदार आतून ओरडत आले. "अहो बाई, लागलं असतं ना! कशाला हात लावता?"

"काय करताय वहिनी?" भाऊजी म्हणाले. स्टँड आदल्या दिवशीच बदलला होता हे त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "चक्कर आली."

मला तिथं बसून घ्यावं लागलं. हवालदारांनी पाणी दिलं. मी पाणी पीत होते आणि समोर सगळं चालू होतं. रागात आलेला माणूस. रोजची सवय म्हणून फरशी सोडली, स्टँड टेकवला, गाडी जरा सरळ वाटली असेल तरी तिकडं लक्ष कुणाचं? डोक्यात पोराचे शब्द. उजव्या बाजूला आले, पाठीमागं कालव्याचा उतार. चावीला हिसका दिला. पुढचं मला बघायचं नव्हतं, तरी दिसलं.

म्हणजे धनूनं बापाला शब्दांनी मारलं नव्हतं. बापाच्या पाठीची काळजी घेतली होती, तिनं मारलं होतं.

फरशी दाखवली तर पोरगं एका ओझ्यातून सुटणार होतं. आणि थोडा विचार केला की दुसऱ्यात अडकणार होतं. पट्टी त्यानंच बसवून घेतली होती, उंची त्याला पक्की ठाऊक होती. माझ्यासारख्या अडाणी बाईला निम्म्या वाटेत कळलं, त्याला किती वेळ लागला असता? आणि फरशी नाही दाखवली, तर तो गोठ्यात बसून राहणार होता. किती दिवस बसला असता ते मला माहीत होतं.

मी उठले. "भाऊजी, तुम्ही घरी जा, धनूपाशी बसा. त्याला एकटा सोडू नका. गाडी मी टेम्पोनं घेऊन येते."

"मी आणतो ना."

"तुम्ही त्याच्यापाशी बसा म्हटलं ना!"

माझ्या आवाजाला ते कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशीही नाही.

याकूब मिस्त्रीचं दुकान आमच्या गावाच्या फाट्यावर. टेम्पोतून गाडी उतरवताना त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "काकू, तुम्ही कशाला आलात? मी येणारच होतो घरी. इंजिनात पाणी गेलं असंल, ठेवून जा, मी..."

"इंजिन राहू दे. स्टँडची पट्टी काढ."

"काय?"

"तू मारलेली पट्टी काढून टाक. गाडी आधी जशी कलायची तशी कलली पाहिजे."

तो माझ्याकडं बघत राहिला. "लोक सरळ करून मागतात, काकू. कलती कुणी मागत नाही. धनूनं तर मुद्दाम... अण्णांची पाठ दुखते म्हणून मला म्हणाला, याकूबभाई, घाईत नको, पक्कं काम कर."

"काढ म्हणते ना."

मी पिशवी खाली ठेवली. ती कलंडली आणि फरशी बाहेर सरकली. तुटक्या सुतळीसकट. याकूब तिच्याकडं बघत होता. मग त्यानं स्टँडकडं बघितलं. मग परत फरशीकडं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याला सांगायचं माझ्या मनातही नव्हतं, पण त्याचा धंदाच तो.

"काकू, अल्लाची शपथ, ते खाली फरशी घालतात हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडं गाडी यायची तेव्हा फरशी लेगगार्डला लोंबायची, ती कशाला ते कधी विचारलं नाही मी. नाहीतर एवढी जाड पट्टी..."

"तुला माहीत नव्हतं. त्यालाही सुचलं नाही, चांगलंच करायचं होतं त्याला. मला कुणाला बोल लावायचा नाही, याकूब. पोरगं वाचलं पाहिजे, बस्स. ह्यातलं एक अक्षर तुझ्या तोंडून बाहेर पडलं तर दुसरी तिरडी माझ्या दारातून निघेल."

त्यानं मशीन सुरू केलं. ठिणग्या उडत होत्या आणि तो त्यांच्याकडं न बघता काम करत होता. पट्टी खणकन खाली पडली. घासलेलं लोखंड पांढरंशुभ्र चमकायला लागलं.

"हे असं नको. तुटल्यासारखं दिसू दे."

त्यानं छिन्नीनं कडा ओबडधोबड केल्या, वर जळकं ऑइल फासलं, माती चोळली. मग गाडी स्टँडवर लावून बघितली. झुकली, पहिल्यासारखी. पट्टी त्यानं माझ्या हातात दिली आणि दुकानात जाऊन पाठमोरा बसला. त्यानं पुढं कधी कुणाचा साइड स्टँड दुरुस्त केला नाही. नवा टाका म्हणायचा, नाहीतर दुसरीकडं जा.

टेम्पो निघून गेला होता आणि गाडी चालू होणार नव्हती. मी ती ढकलत निघाले. तिचं वजन किती असतं ते बाईमाणसाला ढकलल्याशिवाय कळत नाही. चढाला दोनदा अंगावर येऊ बघत होती. लोक दारात येऊन बघत होते, नवरा जाऊन आठवडा झाला नाही आणि ही बाई काय करतेय म्हणून. एकदोघं पुढं झाले, मी त्यांना हात लावू दिला नाही. ओढ्याच्या पुलावर थांबून पट्टी पाण्यात टाकली.

अंगणात आल्यावर मी हाक मारली. "धनू, बाहेर ये."

भाऊजी त्याला धरून घेऊन आले. मी त्याच्यासमोर गाडी साइड स्टँडवर लावली, खाली फरशी ठेवली. गाडी झुकून उभी राहिली.

"ही फरशी मला कुठं सापडली माहितीय का? वरच्या दारापाशी, मातीत. सुतळी तुटलेली. अण्णांनी तिथं गाडी लावली होती, फरशी घालून, नीट. तू उघडलेलं दार बंद करायला गेले होते ते. चावी सोडताना पाय घसरला असंल, गाडीला धरायला गेले असतील, गाडीही गेली सोबत. जीव द्यायला निघालेला माणूस फरशी घालतो का, सांग मला. घालतो का?"

भाऊजींनी तोंडावर हात ठेवला. त्यांनाही ते पटलं, हे मला दिसलं. धनू फरशीजवळ बसला. तिच्यावरून हात फिरवत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा तो रडला, लहान पोरासारखा भोकाड पसरून. भाऊजी रडले. मी नाही रडले. मी त्याच्या हाताकडं बघत होते.

हात फरशीवरून स्टँडवर गेला.

"आई, पट्टी कुठंय?"

"कालव्यातून ओढताना दगडाला लागून तुटली म्हणे."

त्यानं स्टँडच्या टोकावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. तो त्यानं बराच वेळ बघितला आणि विजारीला पुसला.

"आई," तो म्हणाला, "भूक लागलीय."

मी भाकरी टाकायला पळाले. त्यानं पिठल्याशी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मोडली. गावातही फरशीची गोष्ट पसरली. जालिंदर स्वतः येऊन धनूच्या पायाशी बसला, मी उगाच बोललो म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली. भाऊजींनी दोर परत आणून दिले.

धनूला पुढं ह्यांच्या जागी कालव्यावर घेतलं. लग्न झालं, दोन मुली झाल्या. ती जुनी गाडी आम्ही भंगारात दिली. बरीच वर्षं तो खात्याच्या सायकलवरून फिरला, मग म्हणाला, आता गाडी घेऊ. सून पूजेचं ताट घेऊन आली होती, मीही गेले. दुकानातला पोरगा गाडी पुसत होता. कागदपत्रं झाली, तेव्हा धनू त्याला म्हणाला, "साइड स्टँड काढून दे."

"काढून? साहेब, नवीन आहे, कंपनीचा."

"डबल स्टँड आहे ना. तेवढा पुरे. हा काढ."

"राहू द्या ना. काय खायला मागतोय का तो?"

"काढ म्हटलं ना." आवाज माझा होता, हुबेहूब.

पोरगा पाने घेऊन बसला. सून नारळ फोडायला दगड शोधत होती. मी धनूच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"कधी कळलं तुला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "त्याच दिवशी. अंगठा फिरवला तेव्हाच. तुटलेलं लोखंड आणि कापलेलं लोखंड वेगळं लागतं, आई."

"मग बोलला का नाहीस रे?"

खाली बोल्ट सैल होत होता. त्याचा आवाज आला, मग स्टँड फरशीवर पडल्याचा.

"तू फाट्यापासून गाडी ढकलत आणली होतीस," धनू म्हणाला. "एकटीनं."

सुनेनं हाक मारली. आम्ही दोघं पूजेला गेलो.